लाल चकतीवाला टायमर: सहा महिने वापरून (आणि एकदा कपाळावर खाऊन) सांगतेय

आधीच सांगते, चिडलेल्या पोराला शांत करणारं यंत्र म्हणून हे घेणार असाल तर राहू द्या. मी त्याच आशेने घेतलेलं आणि दुसऱ्याच दिवशी ते भिरभिरत येऊन माझ्या भुवईवर बसलं.

मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा. त्याचे टँट्रम म्हणजे नुसतं रडणं नाही हो, चावणं, ओरबाडणं, केस धरून ओढणं, आणि कुणी हाताला लागलं नाही तर स्वतःचंच डोकं फरशीवर आपटणं. आंघोळीतून बाहेर काढलं की सुरू, मोबाइल काढून घेतला की सुरू, बागेतून घरी चल म्हटलं की तिथेच लोळण. माझ्या दंडावर दातांचे गोल वण असायचे, ऑफिसला लांब बाह्यांचेच कपडे घालून जायचे मी, कोण प्रत्येकाला सांगत बसणार.

तर वस्तू अशी की घड्याळासारखी तबकडी, मधली खुंटी फिरवली की लाल चकती उलगडते, वेळ जाईल तशी आक्रसत जाते आणि संपली की पिप् पिप्. ज्याला आकडे कळत नाहीत त्यालाही किती उरलंय ते डोळ्यांनी दिसतं, 'पाच मिनिटं' हा शब्द अडीच वर्षांच्या पोराला काय कळणार, लाल कमी झालं हे कळतं. ही आयडिया मूळची जॅन रॉजर्स नावाच्या अमेरिकन आईची, १९९४ सालची, तिनेही आपल्या लहान मुलीसाठीच केलेली. माझ्याकडचा मात्र त्यांचा नाही, त्याच धर्तीवरचा कुणीतरी काढलेला स्वस्तातला आहे.

पहिला आठवडा पूर्ण फुकट गेला आणि चूक माझीच होती. तो ऐन भरात किंचाळत असताना मी टायमर समोर धरून म्हणायचे, लाल संपेपर्यंत गप्प व्हायचं हं. मूल एकदा पेटलं की त्याला लाल काय नि हिरवं काय, त्या वेळी डोक्यात काही शिरतच नाही. शिवाय मी ती वस्तू धमकी म्हणून वापरत होते आणि ते त्याला बरोबर कळलेलं, म्हणून तर फेकली.

मग उलटं केलं. तो खुशीत असतानाच टायमर आणायचा, खुंटी त्यालाच फिरवू द्यायची (हे महत्त्वाचं, स्वतः लावलेल्या टायमरवर त्याचा राग कमी असतो), थोडंच लाल उरलं की एकदा जवळ बसून दाखवायचं, आणि सुरुवातीला चांगल्या गोष्टींसाठीच लावायचा, लाल संपलं की बाहेर जायचं, लाल संपलं की आजीला फोन. नाहीतर पिप् वाजलं म्हणजे कायतरी हिसकावणार असंच समीकरण बसतं.

खरी परीक्षा पिप् नंतर. मी फोनवर असले की म्हणायचे राहू दे अजून थोडा वेळ, आणि पठ्ठ्या शिकला की पिप् नंतर बोंब मारली की लाल परत मिळतं. ते बंद केलं तेव्हा चार-पाच दिवस प्रकरण आधीपेक्षा भयंकर झालं, सासूबाई म्हणाल्या अगं दे ना दोन मिनिटं, घसा बसेल त्याचा. पण जे रडून मिळायचं ते मिळेनासं झालं की पोर आधी आवाज वाढवूनच बघतं, तेव्हा ढिलं सोडलं की पुढच्या वेळी तो वाढलेल्या आवाजापासूनच सुरू करणार. घरात सगळ्यांनी एकच धोरण ठेवलं तेव्हा कुठे उतरलं. चावायला आला की मी खाली बसते, मनगटं हलकेच धरते, 'मारू देणार नाही' एवढंच म्हणते, डोकं आपटायला लागला की खाली उशी सरकवते. बाकी भाषण नाही. यात टायमरचा काही संबंध नाही, तो तेव्हा कपाटावर असतो.

कपाटावर असताना मात्र त्याचा एक भलताच उपयोग सापडला. टँट्रम सुरू झाला की मी गुपचूप पूर्ण तासाचा लावून ठेवायला लागले. मला अर्धा तास वाटलेलं प्रकरण सात मिनिटांत आटपलेलं असायचं! २००३ मध्ये पोटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांचा लहान मुलांच्या टँट्रमवरचा अभ्यास आलेला, त्यात पाऊण हिस्सा टँट्रम पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेले दिसले होते. उलट २००८ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात बेल्डन आणि सहकाऱ्यांनी जी धोक्याची लक्षणं दिलीत त्यात सरासरी २५ मिनिटांच्या वर चालणं, स्वतःला इजा करून घेणं, निम्म्याहून जास्त वेळा माणसांना मारणं ही आहेत. आमच्याकडे डोकं आपटणं होतंच म्हणून डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांनी किती वेळा, किती वेळ विचारल्यावर माझ्याकडे दोन आठवड्यांची नोंद तयार होती, नाहीतर मी 'सारखंच हो' म्हणून मोकळी झाले असते.

आता वस्तूच्या तक्रारी. पिप् फार कर्कश, मी छिद्रावर चिकटपट्टी लावली तेव्हा कानाला बरं झालं. आणि सेलच्या झाकणाला स्क्रूच नाही, नुसतं अंगठ्याने सरकतं, तिसऱ्या दिवशी पोराच्या मुठीत पेन्सिल सेल. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं 'मुलांपासून दूर ठेवा', अहो मुलांचाच टायमर ना तो! बटन सेलवाला घेत असाल तर स्क्रू आहे की नाही ते आधी बघा, तो सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजायला सुरुवात होऊ शकते, तिथे वाट बघायची नसते, थेट हॉस्पिटल.

तबकडीवरचं प्लास्टिक तडकलंय पण चालतो अजून. साडेतीन स्टार. एक झाकणाचा कापला, अर्धा त्या पिप् चा.