लेकीच्या गावाची खानेसुमारी, नागपुरात बसून

सेवा: अमेरिकेच्या जनगणना खात्याची वेबसाइट, डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह. किंमत शून्य. खातं उघडावं लागत नाही, मोबाइल नंबर मागत नाहीत, ओटीपी येत नाही.

धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत निम्म्यांची पोरं अमेरिकेत आहेत. गाव विचारलं की उत्तर ठरलेलं: "शिकागोजवळ", "न्यूयॉर्कजवळ". ते जवळचं गाव नेमकं कोणतं, किती मोठं, तिथं आधी काय होतं, हे आईबापांना क्वचितच माहीत असतं. अशांनी ही साइट वापरावी की नाही, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझी लेक न्यू जर्सीतल्या प्लेन्सबोरो टाउनशिपमध्ये राहते. जावई मात्र लोकांना प्रिन्स्टन सांगतो. त्याला तरी काय बोलणार? वस्तीचं नाव प्रिन्स्टन मेडोज, ऑफिसांच्या संकुलाचं प्रिन्स्टन फॉरेस्टल सेंटर, २०१२ साली तिथं आलेल्या मोठ्या दवाखान्याच्या नावातही प्रिन्स्टन, आणि जमीन बहुतेक सगळी प्लेन्सबोरोची. आपल्याकडे बुटीबोरीच्या पुढचा प्लॉट 'विमानतळापासून दहा मिनिटं' म्हणून विकतात, तसाच हा प्रकार.

म्हणून शोधताना पहिली खबरदारी हीच घ्यायची. नाव पूर्ण टाकायचं: प्लेन्सबोरो टाउनशिप, मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि टाउनशिप म्हणजे त्यातला स्वतःची निवडून दिलेली समिती आणि स्वतःचा कर असलेला भाग. प्रिन्स्टन मेडोजचा आकडा या साइटवर वेगळा मिळतो, पण ते टाउनशिपच्या पोटातलं फक्त मोजणीपुरतं आखलेलं क्षेत्र आहे. २०१० साली टाउनशिपची निम्म्याहून जास्त माणसं त्यात होती. दोन्ही आकडे भाबडेपणानं एकत्र केले तर निम्मं गाव दोनदा मोजलं जाईल.

टाउनशिपचा २०२० चा आकडा: २४,०८४. आपल्या नागपूर शहराचा २०११ चा आकडा २४,०५,६६५. म्हणजे नागपूरच्या शंभराव्या हिश्शाएवढं गाव, पसरलंय मात्र बारा चौरस मैलांवर. पार्कात हे सांगितलं तर आमचे भाऊसाहेब म्हणाले, "काय सांगता डॉक्टर, एवढे तर आमच्या प्रभागात असतील!" खरं आहे.

पण गंमत एका आकड्यात नसते, ओळीत असते. १९७० मध्ये १,६४८. १९८० मध्ये ५,६०५. १९९० मध्ये १४,२१३. २००० मध्ये २०,२१५. २०१० मध्ये २२,९९९. वीस वर्षांत आठपटीहून जास्त, आणि मग जवळपास थांबलेलं. ही ओळ एका टिचकीत मिळत नाही. साइटवरचे सोपे तक्ते २००० पासूनचे आहेत, त्याआधीचे आकडे खात्याच्या जुन्या छापील खंडांच्या पीडीएफमध्ये शोधावे लागतात. बरं, मागे जाऊन जाऊन किती जाल? हे गावच १९१९ साली जन्मलं, क्रॅनबरी आणि साउथ ब्रन्सविक या शेजाऱ्यांचे तुकडे काढून. १९१० च्या तक्त्यात प्लेन्सबोरो सापडत नाही ते म्हणूनच. माणसं होती, ती शेजाऱ्यांच्या खात्यात मोजलेली.

१९७० नंतर अशी उडी का, हे साइट सांगत नाही. तिचं ते कामही नाही. मला ते कळलं ते लेकीच्या एका वाक्यानं. "बाबा, आमच्या कॉलनीच्या जागी आधी गोठा होता."

आता मी पशुवैद्यक. अख्खी नोकरी काटोल-नरखेड पट्ट्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. गोठा म्हटल्यावर मी सोडतो होय! वॉकर-गॉर्डन कंपनीनं १८९७ मध्ये तिथं फार्म सुरू केलं. डॉक्टरांच्या समितीनं तपासून दाखला दिलेलं दूध हा त्यांचा धंदा, आणि त्याचं मुख्य गिऱ्हाईक तान्ही मुलं. १९३० मध्ये हेन्री जेफर्सनं तिथं रोटोलॅक्टर बसवला. एक मोठा फिरता गोल चबुतरा, त्यावर एका वेळी ५० गाई. गाय चढली की आधी अंग धुवायचं, गरम हवेनं कोरडं करायचं, मग सडांना यंत्र लावायचं. साडेबारा मिनिटांत फेरी पुरी होते आणि गाय दूध देऊन खाली उतरते. तासाला २४०, सात तासांत १,६८०. आमच्याकडचा तरबेज गडी हातानं तासाला आठ-दहा गाईंच्या वर जात नाही, म्हणून हा हिशेब मी कागदावर मांडून पुन्हा तपासला. बरोबर येतो. लोक हे यंत्र बघायला गाड्या काढून यायचे. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोर्डन कंपनीनं असाच रोटोलॅक्टर मांडला आणि त्यातली एक जर्सी गाय 'एल्सी' म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. १९४१ मध्ये ट्रकच्या अपघातात ती जखमी झाली, शेवटी प्लेन्सबोरोतच पुरली. तिच्या नावाचा दगड आहे तिथं.

फार्म १९७१ मध्ये बंद पडलं. त्याच दशकात आजूबाजूच्या शेतांवर भाड्याच्या सदनिकांची संकुलं उठली. नावं बघा: फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, फेझंट हॉलो, डीअर क्रीक, क्वेल रिज. कोल्हा आला, हरीण आलं, लावा पक्षी आला, शिकारीसुद्धा आला, आणि ज्या गाईनं गाव पोसलं तिला या यादीत जागा नाही. तर १,६४८ चे ५,६०५ आणि पुढं १४,२१३ झाले ते या संकुलांमुळे आणि शेजारी उभ्या राहिलेल्या ऑफिसांमुळे. फार्मच्या स्वतःच्या जागेवर घरं नंतर आली.

आपल्या लोकांबद्दल शोधायचं असेल तर 'एशियन इंडियन' हा वेगळा पर्याय जनगणनेच्या फॉर्मवर १९८० पासून आहे. त्यामुळे या गावची भारतीय वस्ती वाढताना दशकागणिक पाहता येते. मराठीची मात्र निराशा. तपशीलवार भाषातक्त्यात मराठी आणि नेपाळी एकाच ओळीत कोंबलेल्या आहेत, आणि तो तक्ताही एवढ्या छोट्या गावापर्यंत खाली उतरत नाही, मोजक्या घरांची ओळख उघडी पडू नये म्हणून. कारण मला पटतं. महाराष्ट्र मंडळाची यादी त्यापेक्षा लवकर मिळेल. याच कारणासाठी २०२० पासून लहान भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफारही मिसळतात. तेव्हा एखाद्या गल्लीत किती माणसं, हा आकडा फार मनावर घेऊ नये.

ज्यांना नावानिशी माणसं बघायची आहेत त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वेगळी साइट उघडावी. तिथं कायद्यानं ७२ वर्षांनी मूळ पानं खुली होतात. १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. मोजणीदाराच्या हस्ताक्षरातली, नाव, वय, जन्मस्थळ, काम, असे रकाने. हेही फुकट. एका खासगी वंशावळीच्या साइटनं माझ्याकडे याच पानांसाठी महिन्याची वर्गणी मागितली होती, म्हणून मुद्दाम सांगतो.

आपली जनगणनाही कमी नाही, असं माझं मत आहे. नागपूर जिल्ह्याची २०११ ची पुस्तिका उघडा, गावागावाची माहिती मिळते. फक्त ती २०११ ची आहे, आणि पुढची मोजणी २०२७ ची. तिकडे १७९० पासून दर दहा वर्षांचा नेम चुकला नाही, आणि मधल्या वर्षांसाठी नमुना पाहणीवरचे अंदाज असतात, शेजारी चूक किती होऊ शकते तेही लिहिलेलं असतं. हा शेजारचा आकडा बघायची सवय लावून घ्या. लहान गावात तो मोठा असतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. मोबाइलवर तक्ते आडवे सरकवताना डोळे दुखतात, कॉम्प्युटरवर बसा. घाईत असाल तर खात्याचंच 'क्विकफॅक्ट्स' पान पाहा, सगळं एका नजरेत मिळतं. पण ते पाच हजार आणि त्यावरच्या वस्तीच्या गावांपुरतंच आहे. पोरगं त्याहून लहान गावात असेल तर मुख्य साइटवर २०२० निवडून पी१ हा तक्ता उघडायचा, एकूण लोकसंख्या आणि वंशवार आकडे त्यातच आहेत.