संयुक्त महाराष्ट्र लढ्याच्या बनावट पत्रकांपासून सावध राहा: माझा अनुभव

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर १ मे रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी छोटे प्रदर्शन भरते. त्यासाठी जुनी पत्रके, छायाचित्रे आणि बिल्ले जमवण्याचे काम शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी करतो. गेल्या वर्षी याच कामात माझी ३८ हजार रुपयांची फसवणूक झाली. त्यातले १५ हजार सभासदांनी वर्गणी काढून दिलेले होते आणि ते मला आजही बोचतात, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

विक्रेता मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भेटला. त्याने १९५७ च्या निवडणुकीचे एक पत्रक ३०० रुपयांत दिले आणि ते अस्सल होते. कागद उलटा करून बोट फिरवले की खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब हाताला लागत होता, ‘आम्हीं’, ‘नाहीं’ असे जुन्या वळणाचे अनुस्वार होते आणि तळाशी छापखान्याचे नाव व गाव होते, कारण १८६७ च्या कायद्याने ते छापणे बंधनकारक होते. या एका खऱ्या कागदाने माझा जो विश्वास बसला, त्याच विश्वासावर पुढचा सगळा व्यवहार झाला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. मुंबईतल्या एका कामगार पुढाऱ्याच्या घरातून १४ नगांचा गठ्ठा निघाला आहे, घरच्यांना नाव बाहेर यायला नको आहे आणि दुसरे गिऱ्हाईक उद्याच येणार आहे, असे त्याने सांगितले. व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे पाहून मी त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम पाठवली. पैसे भलत्याच नावाच्या खात्यात जात आहेत हे दिसत असूनही मी थांबलो नाही. चार दिवसांनी गठ्ठा आला, त्यासोबतच्या पावतीवर ‘जुने कागद, नग १४’ एवढेच लिहिले होते, आणि तेही मी चालवून घेतले.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी गावातल्या एका वृद्ध जुळाऱ्यांना मी तो संच दाखवला. त्यांची सारी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली आहे. त्यांनी पहिले पत्रक हातात घेतले, मागून अंगठा फिरवला आणि खाली ठेवले. “मास्तर, याच्यावर खिळा टेकलेलाच नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघांनी भिंगाखाली एकेक नग तपासला. कागद खरोखरच जुना होता, बहुधा एखाद्या पेढीच्या चोपडीतली कोरी पाने असावीत, आणि म्हणूनच रंग, वास, ठिसूळपणा या कशातही मला खोट दिसली नव्हती. घडीपाशी मात्र ती उघडी पडली. छापून झालेला कागद वर्षानुवर्षे घडी घालून ठेवला की घडीवरची शाई झिजते आणि आतला कागद उघडा पडतो. येथे शाई घडीच्या चिरेत उतरलेली होती, म्हणजे घडी आधी पडली होती आणि छपाई नंतर झाली होती.

मजकूर नीट वाचला असता तर भिंगाचीही गरज पडली नसती. एका पत्रकावर डिसेंबर १९५५ ची तारीख होती आणि खाली ‘संयुक्त महाराष्ट्र समिती’ असे नाव होते. समितीची स्थापना पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी झाली. त्याआधी १९४६ पासून होती ती संयुक्त महाराष्ट्र परिषद. पोवाड्यांच्या एका पुस्तिकेवर १९५६ हे साल आणि ‘किंमत २५ नवे पैसे’ असे छापलेले होते, पण नवे पैसे चलनात आले १ एप्रिल १९५७ ला, तोवर व्यवहार आण्यांतच होत असे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे पाहिले नाही, कारण मी कागद पाहत होतो, वाचत नव्हतो.

फ्लोरा फाउंटनजवळच्या २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चाची म्हणून दिलेली पाच छायाचित्रे त्याहून दुःखद होती. त्या दिवशी तेथे गोळीबारात माणसे मेली आहेत, आणि त्यांच्या नावावर कोणी असा धंदा करावा याचा मला आजही संताप येतो. भिंगाखाली पाचही चित्रांत छपाईचे ठिपके दिसले, म्हणजे कुठल्या तरी पुस्तकातली चित्रे पुन्हा टिपून त्यांना तपकिरी छटा दिलेली होती. मागच्या स्टुडिओच्या शिक्क्यात सहा अंकी पिनकोड होता, आणि पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ ला. विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला की प्रती नंतर काढल्या असतील. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण पावतीवर साल नाही, वर्णन नाही, त्यामुळे त्याने काय सांगून काय विकले हे दाखवायला माझ्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचे संदेश आहेत.

सभासदांचे १५ हजार मी निवृत्तिवेतनातून परत केले. गठ्ठा मात्र फाडला नाही. प्रत्येक नगाच्या मागे शाईने ‘बनावट’ असे लिहून तो वाचनालयाच्या कपाटात ठेवला आहे, म्हणजे तो पुन्हा बाजारात जाणार नाही. पण हीच पत्रके आणखी छापली गेली असणार. डिसेंबर १९५५ ची तारीख आणि समितीचे नाव असलेले पत्रक, किंवा २५ नव्या पैशांची १९५६ ची पुस्तिका कोणी तुम्हाला दाखवली, तर पैसे देऊ नका आणि ज्या वाचनालयाला किंवा शाळेला तो संच दाखवला जात असेल त्यांना लगेच कळवा.