चर्च स्टाफसाठी गेम्स: झूमवर घ्यायचे की हॉलमध्ये, आणि पाळकसाहेब हरतील असा कुठला

डिसेंबरचं सगळं उरकतं, कॅरोल्स, नाताळची उपासना, ३१ ची वॉच नाइट, आणि मग जानेवारीत कमिटीतल्या कुणाला तरी आठवतं की अरे आपल्या स्टाफसाठी पण काहीतरी करायला हवं, नुसतं जेवण नको, गेम्स वगैरे घेऊया. हे काम ज्याच्याकडे संडे स्कूल आहे त्याच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे माझ्या पडलं, आणि गेली पाच-सहा वर्षं पडतंच आहे, त्यामुळे झूमवर, व्हॉट्सअॅपवर, हॉलमध्ये, एकदा पाचगणीच्या रिट्रीटला असं सगळीकडे घेऊन झालंय. तुमच्यापैकी कुणी आत्ता ठरवत बसलं असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिली गोष्ट, स्टाफ म्हणजे तरुण संघ नाही. तरुण संघात सगळे एका वयाचे, थोडेफार एकाच माहितीचे असतात. स्टाफमध्ये कोण असतं बघा, सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, चार वर्षं शिकून आलेले पाळकसाहेब म्हणजे आमचे पास्टर, ऑफिसची ताई, खजिनदार, कॉयरवाल्या मावशी, बावीस वर्षांचा साउंडवाला पोरगा, आणि चर्च उघडणारे-झाडणारे काका जे सातवीपर्यंत शिकलेत. आता यांच्यात बायबल क्विझ ठेवलं तर काय होणार? मी पहिल्या वर्षी ठेवलं होतं. वीस प्रश्न काढले होते, त्यातले चौदा पाळकसाहेबांनी सांगितले, चार त्यांच्या मिसेसनी, दोन कुणालाच आले नाहीत आणि काका पूर्ण वेळ चहाचे कप गोळा करत होते. कुणी काही वाईट बोललं नाही पण तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे, या गेममध्ये पाळकसाहेब हरू शकतात का. खाली जे काही कंपेअर केलंय ते याच मापाने.

आधी ऑनलाइन की समोरासमोर

ऑनलाइनचा फायदा तिथेच जिथे माणसं खरंच लांब आहेत, म्हणजे एका पास्टोरेटखाली, एकाच पाळकाच्या हद्दीत, सात-आठ गावं आहेत आणि प्रत्येक गावचा सेवक महिन्यातून एकदाच भेटतो असं असेल तर. सगळे एकाच शहरात असाल आणि फक्त ट्रॅफिकचा कंटाळा म्हणून झूम करत असाल तर नका करू.

झूमचं फुकटवालं अकाउंट ४० मिनिटांवर तुटतं, गूगल मीट तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटांवर. बऱ्याच जणांना वाटतं ही अडचण आहे, मला उलट बरं वाटतं, कारण मोबाइलवर गेम खेळायची माणसाची ताकद तेवढीच असते. फक्त हिशोब नीट धरा. आमच्या पहिल्या झूमला सगळे जॉइन होईपर्यंत दहा मिनिटं, मग सुरुवातीची प्रार्थना ज्यांना करायला सांगितली त्यांनी मनापासून नऊ मिनिटं केली, उरली एकवीस. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलला ३२ जणांपर्यंत येतात, दहा-बारा जणांच्या स्टाफला पुरतं आणि काकांना नवीन अॅप टाकून द्यावं लागत नाही, हा मोठा फायदा आहे.

झूमवर दोन गोष्टी जमतच नाहीत. एक, एकत्र गाणं. आवाज पुढेमागे पोचतो, पेटी एकीकडे आणि टाळ्या दुसरीकडे, आणि पेटी-तबल्याला ते अॅप गोंगाट समजून मध्येच दाबून टाकतं. दुसरं, "जो आधी सांगेल त्याला मार्क" असले गेम. ज्याचं नेट चांगलं तो आधी. आमच्या खेड्यातल्या सेवकांचं उत्तर बरोबर असायचं पण चार सेकंदांनी यायचं, तोपर्यंत पुण्यातली मंडळी टाळ्या वाजवून मोकळी.

क्विझ: कहूत, व्हॉट्सअॅप पोल, की कागद-पेन्सिल

कहूत म्हणजे फोनवर उत्तरं द्यायचं क्विझचं अॅप, दिसायला भारी आहे, रंग, म्युझिक, साउंडवाला पोरगा खूश. देवनागरीत प्रश्न टाकता येतात. पण त्यात लवकर उत्तर दिलं की जास्त पॉइंट, म्हणजे ज्यांना स्क्रीनवरचं मराठी सावकाश वाचायची सवय आहे ते दर प्रश्नाला मागे पडत जातात. वेळ २० सेकंदांची ६० किंवा ९० करून ठेवा, थोडा फरक पडतो. ऑनलाइन घेत असाल तर अजून एक भानगड, ज्यांच्याकडे एकच फोन आहे त्यांना झूममधून कहूतमध्ये, कहूतमधून झूममध्ये उड्या माराव्या लागतात आणि तेवढ्यात प्रश्न संपतो. म्हणून माझं मत, कहूत खेळायचं तर हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून, आणि दोघा-दोघांच्या टीमला एक फोन, टीम पाडताना एक म्हातारं एक तरुण.

व्हॉट्सअॅप पोल सोपा वाटतो, पण कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. ताईंनी सरळ सांगितलं, मी पाळकसाहेबांनी कुठे टिक केलंय ते बघून करते. संपलं क्विझ. त्यापेक्षा ग्रुपवर रोज सकाळी एक इमोजी-कोडं टाका, मासा-बोट-वादळ म्हणजे माशाने गिळलेला योना, झाड आणि बुटका माणूस म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेला जक्कय, आणि उत्तर मला पर्सनलवर पाठवा असं सांगा. आठवडाभर चालतं, कुणाला वेळ काढून बसावं लागत नाही, आणि इमोजी ओळखण्यात सेमिनरीचा काही उपयोग होत नाही.

गाळलेल्या जागा भरा टाइपचे प्रश्न मात्र टाळा. प्रत्येकाचं भाषांतर वेगळं. बहुतेकांकडे बायबल सोसायटीचं, पोरांच्या फोनमध्ये सोप्या मराठीतलं, आणि आमच्या एका मावशींकडे पंडिता रमाबाईंचं, जे १९२४ ला छापून आलं, रमाबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका वचनावरून कुठला शब्द बरोबर यावर पंधरा मिनिटं गेली आणि तिघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते.

अंताक्षरी

ही सगळ्यांना हवी असते आणि बायबलच्या वचनांची केली की फसते. कारण मराठीच. आपली वाक्यं संपतात कशावर? आहे, नाही, आहे, नाही. तेविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ घ्या, शेवट "नाही", म्हणजे ह. आणि ह वरून सुरू करायला स्तोत्रसंहितेत "हे परमेश्वरा" पाहिजे तेवढे. आमच्याकडे अर्धा तास दोन्ही बाजू नुसत्या हे परमेश्वरा, हे परमेश्वरा करत होत्या, बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं उपास-प्रार्थना चालू आहे.

नावांची अंताक्षरी करा, ती रंगते. अब्राहाम, म वरून मोशे, श वरून शमुवेल, ल वरून लोट, आणि ट वर गाडी अडते, तेव्हा ट ला त चालेल असा ठराव तिथल्या तिथे पास करून घ्यायचा, मग तीत आहे, तामार आहे, तबीथा आहे. खरी मारामारी ल ची होते, कारण दानीएल, यहेज्केल, योएल, गमलियेल, राहेल सगळे ल वर येऊन थांबतात आणि ल वरून पटकन आठवणारी नावं मोजकी, लोट, लूक, लेवी, लाबान, लाजर, लेआ, लुदिया. जी टीम लुदिया शेवटपर्यंत राखून ठेवते ती जिंकते. एकेकाने पाळीपाळीने बोलायचं असल्यामुळे ही झूमवरही चालते.

गाण्यांची अंताक्षरी फक्त समोरासमोर. पण आमच्याकडे तिचा एक वेगळा प्रकार जास्त चालतो, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातला नुसता गीत क्रमांक सांगायचा आणि समोरच्याने पहिली ओळ म्हणायची. कॉयरवाल्या मावशींपुढे पाळकसाहेब टिकत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांचे नंबर त्यांना असे पाठ आहेत जसे बाकीच्यांना नातवंडांचे वाढदिवस असतात. तरुणांना मात्र यातलं काही येत नाही, ती लाज टाळायची असेल तर टीममध्ये मिसळा.

वचन शोधा आणि हाऊजी

वचन शोधा, म्हणजे संदर्भ सांगायचा आणि बायबलमधून जो आधी काढेल तो उभा राहून वाचणार, हा जुना हुकमी गेम. फोन चालणार नाही हे आधीच सांगा, फोनवाला दोन सेकंदात काढतो. यात पण रोज बायबल चाळणारेच जिंकतात, पाळकसाहेब आणि मावशी. मधोमध उघडलं की साधारण स्तोत्रंच लागतात, एवढं काकांना सांगून ठेवलं तर निदान स्तोत्रांना ते पुढे असतात. दहा मिनिटांच्या वर नको.

हाऊजीचं नाव काढलं की आमच्याकडे दोघांच्या भुवया वर जातात, जुगार वाटतो. वसई किंवा गोव्याकडच्या मित्रमंडळींना यात काहीच वाटत नाही, तिकडे सणाला हाऊजी असतेच. आम्ही मधला मार्ग काढला, पैसे नाहीत आणि आकडे पण नाहीत, तिकिटावर पुस्तकांची नावं. नेहमीच्या हाऊजीत ९० आकडे आणि तिकिटावर १५ असतात, इथे पुस्तकं ६६ म्हणून तिकिटावर बाराच, तीन ओळी, ओळीत चार. पुकारताना नाव नाही घ्यायचं, खूण द्यायची. "नवा करार, एकच अध्याय, पळालेल्या गुलामाची गोष्ट" म्हटलं की कुणीतरी पुटपुटतं फिलेमोन आणि सगळे पेन्सिल शोधतात. सफन्या आल्यावर साउंडवाल्याने विचारलं हे खरंच बायबलमध्ये आहे का, त्यावर जो हशा झाला तो तीन वर्षांनी पण निघतो. कॅथलिक मंडळी बरोबर असतील तर लक्षात ठेवा, त्यांची पुस्तकं ७३, मक्काबी वगैरे धरून, तिकिटं तशी करा नाहीतर वाद.

निव्वळ नशिबाचा खेळ आहे, कुणीही जिंकतं, म्हणून माझ्या यादीत हा वर आहे. ऑनलाइन पण उत्तम, तिकिटांचे फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर, वहीत लिहून घ्या म्हणायचं. झूमवर एकच गेम घ्यायचा तर हाच घ्या.

दम शराज

याला हॉलच लागतो. झूमवर माणूस छातीपर्यंतच दिसतो, जक्कय उंबरावर चढणार कसा? चिठ्ठ्या काढताना माणसांची नावं नको, प्रसंग टाका, म्हणजे करायला काहीतरी मिळतं. छप्पर उघडून मित्राला खाली सोडणारे चौघे, पाण्यावर चालायला गेलेला पेत्र, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला युतुख, जो पौलाचं भाषण लांबलं म्हणून खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. युतुखाची चिठ्ठी आमच्या पाळकसाहेबांनाच निघाली. त्यांनी इतकं छान पेंगून दाखवलं की खजिनदार म्हणाले, अहो हे तर आम्ही दर रविवारी करतो, आणि सगळ्यात जोरात पाळकसाहेबच हसले.

त्याच दिवशी काकांना बलामाची गाढवी आली, जुन्या करारातली, वाटेत देवदूत दिसला म्हणून अडली आणि मालकाचा मार खाल्ला ती. ते उठतच नव्हते, मला जमणार नाही ताई, तुम्ही घ्या. शेवटी उठले. हात-पाय टेकले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते दोन पावलं चालले, अडले, आणि मान वळवून मागे बघितलं. काही चूक नसताना मार बसला की जनावर जसं बघतं ना, तसं. गावाकडे त्यांची बैलं होती. साउंडवाला तीन सेकंदात ओरडला, बलामाची गाढवी! त्या दिवशीचं बक्षीस काकांना, आणि मतदान वगैरे घ्यावं लागलं नाही.

कागदी कपांचा बाबेलचा बुरूज पण केलाय, एका टीमने बोलायचं नाही असा नियम. शे-दीडशे रुपयांचे कप, वीस मिनिटं मजा, मग झाडायचं काम पुन्हा काकांनाच. एकदा केला, बास.

मग घ्यायचं काय

स्टाफ गावोगावी पसरलाय: पुस्तकांची हाऊजी, उरलेल्या वेळात नावांची अंताक्षरी. भेटायला वेळच नाही, मे महिन्याच्या व्हीबीएसची, म्हणजे सुट्टीतल्या मुलांच्या बायबल शाळेची, तयारी चालू आहे वगैरे: आठवडाभर इमोजी-कोडी. हॉल आहे आणि दीड तास आहे: दम शराज आधी, लोक लाजायचे संपले की गीत क्रमांक, शेवटी चहा. कहूत फक्त प्रोजेक्टर आणि चालवणारा पोरगा दोन्ही असेल तर. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शक्यतो काहीच नको, आमच्या आजी-आजोबांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

आणि क्विझ घ्यायचंच असेल, पाळकसाहेबांचा आग्रहच असेल, तर माझ्यासारखं करा, अर्धे प्रश्न बायबलचे आणि अर्धे आपल्या चर्चचे. व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटाची किल्ली कुठे टांगलेली असते, घंटेचा दोर शेवटचा कधी बदलला, बाक किती. यंदा बायबलचे दहा झाले तेव्हा पाळकसाहेब नवावर होते आणि काका शून्यावर. मग मी विचारलं, उपासनागृहात पंखे किती? पाळकसाहेब लगेच म्हणाले, बारा. काकांनी वर न बघता सांगितलं, "चौदा आहेत साहेब. दोन दिवाळीपासून बंद आहेत, अर्ज तुमच्याच टेबलवर आहे."