रिशी टिंक्चरचा घरगुती संच: काप उत्तम, पुस्तिका अर्धवट

औषधी अळंब्यांचे टिंक्चर, म्हणजे मद्यार्कात उतरवलेला अर्क, घरीच तयार करण्यासाठी लागणारे साहित्य एकत्र पुरवणारे संच आता नागपुरातही घरपोच मिळू लागले आहेत. त्यांपैकी रिशी नावाच्या अळंबीचा एक संच मी मागवला. निम्मे काम त्यातील पुस्तिकेप्रमाणे केले आणि उरलेले निम्मे पुस्तिका बाजूला ठेवून.

साधारण दीड हजार रुपयांच्या या संचात रिशीचे वाळवलेले काप, त्याच अळंबीची म्हणून दिलेली भुकटी, मलमलीचे कापड, ड्रॉपर असलेल्या तपकिरी काचेच्या दोन बाटल्या आणि छोटी पुस्तिका येते. मद्यार्क संचात नसतो आणि नसणेच योग्य आहे, कारण महाराष्ट्रात मद्य विकत घेणे व बाळगणे परवान्याच्या चौकटीत येते. पुस्तिकेत त्याचा उल्लेख फक्त 'कडक स्पिरिट' असा आहे आणि हा निष्काळजीपणा मला अजिबात आवडला नाही. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असतात, तर हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पोटात घेण्यासाठी नसतेच. परवानाधारक दुकानातील साधी, बिनवासाची व्होडका या कामाला पुरते. तिच्या लेबलवर मद्यार्काच्या प्रमाणाचा बहुधा 42.8 टक्के असा आकडा छापलेला असतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावरच चालतो.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे काप. त्यांची वरची कड लाखेचा हात फिरवल्यासारखी तांबूस आणि चकचकीत आहे, आतला गर फिकट बदामी आहे आणि खालच्या बाजूला बारीक नळ्यांचा थर उघड्या डोळ्यांनी दिसतो. तुकडा दाताखाली धरला की कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, आणि हे चांगले लक्षण आहे. हा कडूपणा ट्रायटर्पिन वर्गातील घटकांचा असून ते मद्यार्कात उतरतात, तर बीटा-ग्लुकान हे दुसरे महत्त्वाचे घटक अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन या चिवट द्रव्यासोबत घट्ट बांधलेले असल्यामुळे ते सुटण्यासाठी गरम पाणी आणि भरपूर वेळ लागतो. म्हणूनच रिशीचे टिंक्चर दोन टप्प्यांत करतात. आधी काप चार ते सहा आठवडे मद्यार्कात भिजवतात, मग तेच काप पिळून त्यांचा काढा करतात आणि शेवटी दोन्ही द्रव एकत्र करतात. एवढा भाग पुस्तिकेने सोप्या भाषेत आणि बरोबर मांडला आहे, हे नमूद करायला हवे. पन्नास ग्रॅम कापांना अडीचशे मिलिलिटर मद्यार्क हे तिने दिलेले प्रमाणही रूढ पद्धतीला धरून आहे. पिळलेल्या कापांत मद्यार्क शिल्लक असतो, तेव्हा ते थेट गॅसवर न ठेवता थोडा वेळ उघड्यावर पसरून ठेवावेत, ही सूचना मात्र त्यात हवी होती.

भुकटीबद्दल असे म्हणता येत नाही. तिची परीक्षा घरी सहज होते: चमचाभर भुकटी पाण्यात उकळावी, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे आणि त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पोविडोन आयोडीनचे चार-पाच थेंब टाकावेत. कापांचा पातळ केलेला काढा तपकिरीच राहिला, भुकटीचे पाणी मात्र बघता बघता काळपट निळे झाले. त्यात भरपूर पिष्ट असल्याची ही खूण आहे. अळंबीचे तंतुजाल धान्यावर वाढवून ते धान्यासकट वाळवून दळले की असे होते. अशा मालाच्या डब्यावर 'एकूण पॉलिसॅकराइड'चा, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्यांच्या द्रव्यांचा, आकडा मोठा दिसतो, कारण बीटा-ग्लुकानसोबत धान्याचे पिष्टही त्यात मोजले जाते. ग्राहकाने पाहायचा तो बीटा-ग्लुकानचा स्वतंत्र आकडा, आणि तो या डब्यावर नव्हता.

पुस्तिकेचा खरा घोटाळा शेवटच्या टप्प्यात आहे. ती मद्यार्काचा अर्क आणि काढा समप्रमाणात मिसळायला सांगते. 42.8 टक्क्यांच्या व्होडकेत तेवढाच काढा घातला की मिश्रण 21.4 टक्क्यांवर येते, आणि टिंक्चर टिकवण्यासाठी साधारणतः 25 ते 30 टक्के मद्यार्क राखावा असे मानले जाते. नागपूरच्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तिथे ही तूट परवडणारी नाही. 100 मिलिलिटर अर्काला 70 मिलिलिटर काढा घेतला तर मिश्रण 25 टक्क्यांच्या किंचित वर राहते, आणि 40 मिलिलिटर घेतला तर 30 टक्क्यांच्या वर. याचा अर्थ काढा मंद आचेवर दोन तासांहून अधिक वेळ उकळून त्या मापापर्यंत आटवावा लागतो. काढा पूर्ण थंड झाल्याशिवाय मिसळू नये.

मिसळताना अर्क गढूळ होतो आणि त्यात पांढुरके तंतू तरंगू लागतात. पुस्तिका म्हणते की 'स्वच्छतेसाठी' ते गाळून टाकावेत. हे तंतू मुख्यतः मद्यार्कात न विरघळणाऱ्या पॉलिसॅकराइडचे असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी दोन तास गॅस जाळला तेच मोरीत ओतण्याचा हा सल्ला आहे. बाटली हलवून वापरावी, एवढेच पुरे. बाटल्या जाड काचेच्या आणि चांगल्या आहेत, परंतु ड्रॉपरचा रबरी फुगा मद्यार्काच्या सतत संपर्काने खराब होत जातो, म्हणून साठवण साध्या घट्ट झाकणाच्या बाटलीत करावी. आणि ती बाटली माळ्यावर ठेवू नये, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात स्लॅबखालची ती जागा घरातली सर्वांत तापलेली असते.

खोक्यावर मधुमेहापासून कर्करोगापर्यंतची यादी छापली आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात कर्करोगावरील मुख्य उपचार म्हणून रिशीला पुरेसा आधार आढळला नव्हता, आणि अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने मनाई आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिशी घेऊ नये, ही सूचना संचात कुठेही नाही. पहिल्या पावसानंतर बाजारात येणारे टेकोडे आणि सात्या या रानअळंब्या ओळखणाऱ्या मंडळींना एक सांगणे आहे: जुन्या झाडांच्या बुंध्यावर दिसणारी चकचकीत अळंबी रिशीच असेल असे नाही, कारण तिच्यासारख्या दिसणाऱ्या जाती अनेक आहेत, आणि रस्त्याकडेच्या झाडांवरील अळंबीत जड धातूही साठलेले असू शकतात.

हाच विक्रेता नुसते कापही विकतो. पुन्हा घ्यायचे झाले तर मी तेवढेच मागवीन. बाटल्या इतवारीत सुट्या मिळतात आणि मलमल घरात असतेच. ज्यांना मद्यार्क चालत नाही, किंवा जे शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, म्हणजे दारूबंदीच्या हद्दीत राहतात, त्यांनी त्याच कापांचा नुसता काढा करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. त्यात ट्रायटर्पिन कमी उतरतात, बीटा-ग्लुकान मात्र मिळतात.