'जस्ट'साठी इटालियनमध्ये 'आप्पेना' की 'सोलो'?

मुंबईत आपण 'जस्ट दादरला पोचलो' आणि 'जस्ट दोन मिनिटं थांब' हे एका दमात बोलून जातो. इटालियनमध्ये मात्र शब्द बदलतो. 'फक्त' म्हणायचं असेल तर 'सोलो': 'सोलो दूए मिनूती'. संपला विषय.

'आत्ताच'साठी 'आप्पेना', आणि खरी गंमत इथे आहे. तो सहायक क्रियापद आणि कृदंत यांच्या मधे बसतो: 'सोनो आप्पेना अर्रिवातो' म्हणजे मी आत्ताच पोचलो, बाई बोलत असेल तर 'अर्रिवाता'. शिवाय 'आप्पेना अर्रिवो, ती क्यामो' म्हणजे पोचल्या पोचल्या फोन करतो. म्हणून माझ्या मते आधी 'आप्पेना'च पक्का करावा.

'जस्ट निघतोय'ला मात्र दोन्ही चालत नाहीत. तिथे 'स्तो पेर उश्शीरे'.