यूपीआय सर्कल : विशेष गरजा असलेल्या प्रौढ मुलासाठी कितपत उपयोगी?

आमच्या पंचविशीतल्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. सांगलीच्या गणपती पेठेतून भडंग, साबण अशा वस्तू तो एकटा आणू शकतो, मात्र पिन गुप्त ठेवणे त्याला जमत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कल ही सुविधा आम्ही त्यासाठीच सुरू केली. यात खाते पालकाचे राहते आणि मुलगा आपल्या मोबाइलवरून दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करतो. पूर्ण अधिकार दिल्यास महिन्याला १५,००० आणि एका व्यवहारात ५,००० रुपयांच्या कमाल मर्यादेत राहून पालक आपली मर्यादा ठरवू शकतो. अंशतः अधिकारात प्रत्येक व्यवहाराची विनंती पालकाकडे येते आणि पालकाने पिन टाकल्यावरच पैसे जातात. आम्ही दुसरा पर्याय निवडला, कारण विनंती आली की रक्कम बरोबर आहे का, हे त्याच्याशी फोनवर बोलून ठरवता येते, आणि खरे शिक्षण तिथेच घडते. गर्दीच्या वेळी दुकानदाराला ताटकळावे लागते, हे खरे.

मात्र सुटे परत घेण्याचा सराव यातून मिळत नाही. शंभराची जांभळट, दोनशेची पिवळी आणि पाचशेची करडी नोट रंगावरून ओळखणे त्याला आकड्यांपेक्षा लवकर साधले, म्हणून आठवड्याची भाजी अजूनही रोखीनेच आणावयास सांगतो. ज्यांच्या मुलांना रकमेचा अंदाजच येत नाही, त्यांनी पूर्ण अधिकाराची घाई करू नये, असे माझे मत आहे.