चुंबकी डावपेच फलक : अर्जेंटिनाच्या आक्रमणाच्या कसोटीवर

प्रशिक्षक खेळाडूंना डाव समजावण्यासाठी वापरतात तसा एक चुंबकी फलक मी सामन्यांच्या अभ्यासासाठी घेतला. त्याच्या एका बाजूला ४५ सेंटिमीटर लांबीचे पूर्ण मैदान छापलेले आहे, दुसऱ्या बाजूला अर्धे मैदान, आणि सोबत दोन रंगांची क्रमांकित चुंबके व पुसता येणारी पेने आहेत. अशा वस्तूची पारख खऱ्या सामन्यावरच व्हावी, म्हणून १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैल येथे फ्रान्सविरुद्ध झालेल्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील अर्जेंटिनाची आक्रमणाची रचना मी त्यावर मांडून पाहिली.

उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्ध पाच बचावपटू खेळवणाऱ्या अर्जेंटिनाच्या प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी अंतिम सामन्यात ४-३-३ (चार बचावपटू, तीन मध्यरक्षक, तीन आक्रमक) ही रचना निवडली आणि डी मारियाला डाव्या बगलेवर उतरवले. या निर्णयाचे मर्म फलकावर जितके स्वच्छ दिसते तितके चित्रफीत पुन्हापुन्हा पाहूनही दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे जातो आणि चेंडूपासून दूर उभा असलेला खेळाडू चौकटीबाहेर राहतो. मोलिना, डी पॉल आणि मेस्सी यांची चुंबके उजवीकडे लावली, मेस्सीला त्याच्या सवयीप्रमाणे थोडे आत सरकवले आणि त्यांच्यामागे फ्रान्सचे खेळाडू ओढून आणले, की डाव्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेला, चिकटलेला डी मारिया फ्रान्सच्या कुंडेसमोर जवळजवळ एकटा उरतो. कुंडे मूळचा मध्यभागी खेळणारा बचावपटू. त्याच्या मदतीला मागे यायचे ते डेम्बेलेने, ज्याचा पिंडच आक्रमणाचा. २३ व्या मिनिटाला मेस्सीने गोल केलेली पेनल्टी मिळाली ती याच पट्ट्यात, डेम्बेलेने डी मारियाला पाडल्यामुळे. संघाची रुंदी आणि मोकळी जागा दाखवण्यात हा फलक खरोखर उत्तम आहे, आणि केवळ तेवढ्यासाठीही तो घेण्याजोगा आहे.

३६ व्या मिनिटाचा गोल मांडताना मात्र त्याच्या मर्यादा उघड झाल्या. मेस्सीने एका स्पर्शात चेंडू अल्वारेझकडे वळवला, अल्वारेझने तो न थांबवता धावत्या मॅक ॲलिस्टरच्या पुढे टाकला आणि मॅक ॲलिस्टरच्या आडव्या पासवर डी मारियाने गोल केला. या चालीचे सगळे सौंदर्य वेळेत आहे, आणि फलकावर वेळ मांडता येत नाही. चारही बाण एकाच क्षणी घडल्यासारखे समोर पडतात. बाणांना क्रमांक देऊन आणि प्रत्येक टप्प्याला चुंबके हलवून थोडे भागते, पण चुंबक ओल्या रेषेवरून सरकले की शाई फासली जाते आणि जवळ आलेली दोन चुंबके एकमेकांना खेचतात.

त्याहून गंभीर दोष प्रमाणाचा आहे. मैदान १०५ मीटर लांब धरले, तर येथे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २.३ मीटर होतात आणि दोन सेंटिमीटर व्यासाचे चुंबक जवळजवळ पाच मीटर जागा झाकते. ऑफसाइडची रेषा (जिच्या पुढे आक्रमकाने पास घेण्यासाठी आधीच उभे राहणे नियमबाह्य ठरते) किंवा दोन बचावपटूंमधील फट अशा चुंबकांनी दाखवणे शक्यच नाही. अर्ध्या मैदानाच्या बाजूवर तेच चुंबक साधारण साडेतीन मीटरवर येते. डाव्या बगलेवरील एकास एक झुंज तेथे नीट मांडता येते, परंतु मध्यरेषेच्या मागून सुरू होणारी चाल तुटते.

६४ व्या मिनिटाला डी मारियाच्या जागी बचावपटू अकुन्या आला. नव्या चुंबकाला मूळ जागेच्या बरेच मागे ठेवताच अर्जेंटिनाची डावी बाजू किती आखडली ते चटकन कळते. फ्रान्सच्या एम्बापेने ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला केलेल्या गोलांमागे तेवढे एकच कारण नव्हते, हे मात्र फलक सांगणार नाही. थकवा आणि दडपण यांना त्यावर चुंबक नाही. घेताना शक्य असल्यास ६० सेंटिमीटरचा फलक आणि एक सेंटिमीटर व्यासाची चुंबके निवडावीत, आणि सुती कापड जवळ ठेवावे, कारण रात्रभर राहिलेली शाई कोरड्या पुसणीने निघत नाही.